प्लगइन अपडेट केलं की जुना बग परत येतो: कारण शोधणं, तक्रार नोंदवणं आणि तिचा माग ठेवणं

लक्षण ओळखीचं आहे. वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर दुकान चालू आहे, त्यावर पंधरा-वीस प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम, आहेत आणि त्यातली बहुतेक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कधीतरी एक बग सापडला, कुणीतरी तो मिटवला, सगळे विसरून गेले. मग अपडेट आलं आणि तोच बग परत. सोलापुरात चादरी-टॉवेलवाल्यांच्या साइट सांभाळणाऱ्यांना हा फोन हमखास दिवाळीच्या आधी नाहीतर गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर येतो, कारण मालकांचं साइटकडे खरं लक्ष तेव्हाच जातं.

यावर नेहमीचा सल्ला असतो, "प्लगइनच भिकार आहे, दुसरं टाका." दुसरं टाकलं की दुसरे बग येतात, एवढंच. माझ्या पाहण्यात परत येणारा बग बहुतेक वेळा मूळ प्लगइनमध्ये दुरुस्त झालेलाच नसतो. दुरुस्ती झालेली असते ती आपल्या सर्व्हरवर, आणि ज्याने प्लगइन लिहिलं त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून शोध दोन गोष्टींचा घ्यायचा: हा बग नक्की कुणाचा, आणि जिथे तो दुरुस्त व्हायला हवा तिथे त्याची नोंद आहे का.

फोनवर आलेली तक्रार

साखर पेठेतल्या एका दुकानाचं उदाहरण घेतो.

"सर, साइट चालंना."

"चालंना म्हणजे मालक, काय दिसतंय?"

"दिसतंय सगळं. माल सापडंना."

"शोधल्यावर येत नाही का?"

"हां. ब्लँकेट घातलं तर येतंय, ॲक्रिलिक घातलं तर येईना. पोराच्या मोबाइलवर येतंय बघा, माझ्यावर येईना."

पहिल्या वाक्यावर तिकीट (तक्रारीची नोंद) काढलं असतं तर शीर्षक झालं असतं 'साइट बंद आहे' आणि आपण होस्टिंगवाल्याशी भांडत बसलो असतो. कामाचं वाक्य शेवटचं आहे. एका मोबाइलवर येतं, दुसऱ्यावर येत नाही, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, माल डेटाबेसमध्ये आहे आणि फरक दोन मोबाइलमध्ये कुठेतरी आहे. तेव्हा विचारायचं ते हेच: कुठल्या मोबाइलवर, लॉगिन करून की न करता, कधीपासून, आणि काय टाइप केलं. टाइप केलेला शब्द व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवायला सांगा, स्क्रीनचा फोटो नको. फोटोत अक्षर दिसतं, त्याच्या आतला कोड दिसत नाही. इथे तोच महत्त्वाचा ठरला, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आधी हे पाहा: दुरुस्ती पुसली गेली का

परत येणाऱ्या बगचं सगळ्यात साधं कारण हे. आधीच्या माणसाने प्लगइनचीच फाइल उघडून त्यात दोन ओळी बदललेल्या असतात. अपडेट येतं तेव्हा वर्डप्रेस त्या प्लगइनचं जुनं फोल्डर काढून तिथे नवं ठेवतं. दोन ओळी गेल्या, बग हजर. त्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून प्लगइनचं आपोआप अपडेट डॅशबोर्डवरून एका क्लिकवर सुरू करता येतं. म्हणून "आम्ही कशालाच हात लावला नाही" हे मालकांचं म्हणणं अक्षरशः खरं असू शकतं.

फाइलमध्ये हात घातलाय का, हे ओळखायला अंदाज बांधायची गरज नाही. सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायचं साधन) असेल तर 'डब्ल्यूपी प्लगइन व्हेरिफाय-चेकसम्स' ही आज्ञा तुमच्याकडची प्रत्येक फाइल वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतल्या प्रतीशी ताडून पाहते आणि वेगळी असेल तिचं नाव सांगते. विकतची प्लगइन डिरेक्टरीत नसतात, त्यांना ही तपासणी लागू नाही. तिथे त्याच आवृत्तीची नवी झिप उतरवून दोन फोल्डर समोरासमोर ठेवून फरक काढा. हे अपडेटच्या आधी करायचं. अपडेट झाल्यावर पुरावाच उरत नाही, मग बॅकअपमधून जुनं फोल्डर काढावं लागतं.

सापडलेला बदल तिथून उचला आणि 'एमयू-प्लगइन्स' फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल करून ठेवा. ते 'डब्ल्यूपी-कंटेंट'च्या आत असतं, नसेल तर तयार करायचं. त्यातली फाइल आपोआप चालू होते, डॅशबोर्डवरून चुकून कुणी बंद करू शकत नाही आणि प्लगइनच्या अपडेटचा तिला धक्का लागत नाही. अर्थात प्लगइनने त्या जागी हुक (बाहेरचा कोड अडकवायची जागा) दिलेला असेल तरच हे जमतं. हुक नसेल तर 'इथे एक फिल्टर (हुकचाच एक प्रकार) द्या' हीच तुमची पहिली मागणी. लेखकाला ती मान्य करणं सोपं जातं, कारण त्यात त्याला वागणूक बदलावी लागत नाही, फक्त एक दार ठेवायचं असतं.

वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगइन) असेल तर अजून एक जागा आहे. थीममध्ये कार्ट किंवा चेकआउटची टेम्प्लेट (पानांचे साचे) कॉपी करून बदललेली असतात. मूळ टेम्प्लेट पुढे जातं, थीममधली प्रत जुनीच राहते. प्लगइनमध्ये दुरुस्त झालेला बग तुमच्याकडे जिवंत राहतो, कारण नवी फाइल वापरलीच जात नाही. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर खाली अशा फाइलींची यादी असते आणि जुनी झालेली फाइल तिथे लाल अक्षरांत दाखवतात. ती यादी स्वच्छ करण्याआधी गिटहबवर, म्हणजे लेखक जिथे कोड आणि तक्रारी ठेवतात त्या साइटवर, तक्रार लिहायला बसू नका.

बग कुणाचा

अधिकृत डिरेक्टरीतलं 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे प्लगइन यासाठी उत्तम आहे. त्याचा ट्रबलशूटिंग मोड चालू केला की सगळी प्लगइन आणि थीम फक्त तुमच्या लॉगिनपुरती बंद होतात, गिऱ्हाइकाला साइट जशी आहे तशीच दिसते. मग संशयितांना एकेक करून चालू करू नका. निम्मी चालू करा. बग दिसला तर तो त्या निम्म्यात आहे, नाही दिसला तर उरलेल्यात. बत्तीस प्लगइन असली तरी पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. फक्त दोन प्लगइनचं एकमेकांशी वाजत असेल तर हा हिशोब थोडा लांबतो.

सगळं बंद असताना आणि वर्डप्रेसची स्वतःची थीम असतानाही बग दिसत असेल तर तो प्लगइनचा नाहीच. अशा एका प्रकारात मराठी साइट कायम अडकतात. तक्रार येते की व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या लिंकवर भलतीच चादर उघडते. आळ येतो शेअर बटणाच्या प्लगइनवर. खरं कारण स्लगमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यातल्या नावाच्या भागात, असतं. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याचा हा भाग २०० स्थानांपर्यंतच ठेवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंत धरून, तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटला तीन स्थानं लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. २०० स्थानांत फार तर २२ चिन्हं बसतात.

आता 'सोलापुरी चादर जॅकार्ड डबल लाल' हे नाव घ्या. पहिल्या तीन शब्दांची १९ चिन्हं आणि मधल्या दोन रेघा, झाली १७३ स्थानं. पुढे एक रेघ आणि 'डब', म्हणजे १९२. 'ल' घेतला तर २०१ होतात, म्हणून स्लग 'डब'वरच तुटतो. 'डबल निळी'चा स्लगही तिथेच तुटतो, म्हणून त्याच्यापुढे वर्डप्रेस २ लावतं. पुढे मुनीमजींनी लाल चादर कचरापेटीत टाकून तिसरी, हिरवी चादर चढवली की मोकळा झालेला स्लग हिरवीला मिळतो. मग लालची जुनी लिंक हिरवी उघडते. प्लगइनवाल्याला कितीही लिहा, तो काय करणार? उपाय आपल्याच हातात आहे: नग चढवताना स्लग रोमन अक्षरांत, छोटा, हाताने लिहायचा. शक्य तर नगाचा कोडच टाकायचा.

सांगायचा मुद्दा, तक्रार चुकीच्या दारात गेली की ती बंद होते आणि 'बंद केली' याचा राग मनात राहतो. साधारण दारं अशी आहेत. प्लगइनचा बग असेल तर डिरेक्टरीतल्या त्याच्या पानावरचा सपोर्ट विभाग किंवा त्याचं गिटहब. कुठलं, ते लेखकाने रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा. वर्डप्रेसच्या गाभ्याचा बग असेल तर ट्रॅक, म्हणजे वर्डप्रेसची स्वतःची तक्रारवही. 'कार्टमध्ये जोडा'ऐवजी काहीतरी विचित्र मराठी दिसत असेल तर तो बग नसून भाषांतर आहे. ते वर्डप्रेसच्या भाषांतराच्या साइटवर लॉगिन करून कुणालाही सुचवता येतं. सुरक्षेची भगदाडं मात्र यातल्या कुठेही उघड लिहायची नाहीत. गिटहबवर खासगी कळवण्याची सोय असते, रिपॉझिटरीतल्या (प्लगइनच्या कोडच्या साठ्यातल्या) सुरक्षेच्या फाइलमध्ये पत्ता असतो, तिथे कळवा. उघड तक्रार लिहिली की दुरुस्ती यायच्या आधीच चोराला वाट दाखवल्यासारखं होतं.

अक्षर एकच दिसतं, कोड वेगळे

आता ॲक्रिलिककडे. हा बग मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण मराठी साइटवर तो जातो, येतो, पुन्हा जातो आणि दर वेळी त्याचा दोष नुकत्याच झालेल्या अपडेटवर जातो.

'ॲ' हे अक्षर संगणकात निदान तीन प्रकारे लिहिलं जातं. एक, यूनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतलं) ०९७२ क्रमांकाचं सलग अक्षर, जे २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आलं. दोन, साधा 'अ' आणि त्यावर चंद्र, म्हणजे दोन कोड. तीन, 'अ' आणि चंद्र यांच्या मध्ये न दिसणारा जोडक घातलेला, म्हणजे तीन कोड. जुने कीबोर्ड हा तिसरा प्रकार बऱ्याचदा देतात. डोळ्याला तिन्ही सारखेच. शोधाच्या प्लगइनला मात्र हे तीन वेगळे शब्द आहेत. मालाचं नाव दुकानातल्या संगणकावर एका कीबोर्डने चढवलं, मालकांच्या मोबाइलचा कीबोर्ड दुसरा, पोराचा तिसरा, पण कोड दुकानातल्या संगणकासारखाच देणारा. म्हणून पोराला माल सापडतो आणि बापाला नाही. मधेच कुणीतरी नाव खोडून पुन्हा लिहिलं की उलट होतं. सगळ्यांना वाटतं बग आपोआप गेला, आणि सहा महिन्यांनी तो परत येतो.

ही तक्रार प्लगइनच्या लेखकाकडे गेली की तो मालाच्या नावातूनच शब्द कॉपी करतो, शोधात चिकटवतो, माल सापडतो. तो लिहितो, 'माझ्याकडे घडत नाही', आणि तिकीट बंद करतो. त्याचं काही चुकलेलं नाही. आपण त्याला वेगळे कोड दिलेच नव्हते.

'ऱ्य'चंही तसंच. 'पांढऱ्या रंगाची चादर' लिहिताना कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे सलग अक्षर देतो, कुणाचा 'र'खाली नुक्ता, तर कुणाचा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. यातले पहिले दोन यूनिकोडच्या नियमाने समान आहेत, त्यामुळे पीएचपीतल्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यातल्या) 'नॉर्मलायझर'ने ते एक होतात. तिसरा होत नाही. आणि 'ॲ'चे तीन प्रकार तर यूनिकोडच्या लेखी समान नाहीतच, म्हणून नुसतं नॉर्मलायझेशन करून भागत नाही. बदलायची जोडी हाताने लिहून द्यावी लागते: 'अ' अधिक चंद्र दिसला की ०९७२ कर, मधला जोडक असला तरी तेच, आणि र-हलंत-जोडक दिसला की 'ऱ' आणि हलंत कर.

हा बदल मालाच्या नावात करू नका, फक्त शोधासाठी वेगळ्या ठेवलेल्या नावाच्या प्रतीत करा आणि गिऱ्हाइकाने टाइप केलेल्या शब्दातही करा. न दिसणारा जोडक काही ठिकाणी अक्षराचं रूप ठरवतो. मूळ नावातून तो सरसकट काढला तर 'पांढऱ्या'मधला अर्धा र रफार होऊन 'य'च्या डोक्यावर चढतो, आणि मग मालक नवीन तक्रार घेऊन येतात.

तक्रार कशी लिहावी

लिहिण्याआधी शोधा. गिटहबच्या इश्यू पानावर शोधाच्या चौकटीत 'उघडी' तिकिटंच दाखवणारी गाळणी आधीपासून लावलेली असते. ती काढून टाका. परत आलेल्या बगचा इतिहास बंद तिकिटांतच असतो. कधी कुणीतरी 'ही अडचण या आवृत्तीत पुन्हा दिसतेय' असं लिहून ठेवलेलं सापडतं आणि निम्मं काम होतं. तसं तिकीट सापडलं तर त्याच्याच शेवटी आपली नोंद जोडायची. ते बंद होऊन वर्ष उलटलं असेल तर नवं काढून त्यात जुन्याचा दुवा द्यायचा.

तक्रार इंग्रजीत लिहा, साध्या वाक्यांत. व्याकरणाची लाज बाळगू नका, समोरचा लेखक पोलंडचा किंवा ब्राझीलचा असू शकतो, त्याचंही इंग्रजी शाळेतलंच असतं. वरच्या बगची तक्रार मराठीत मांडली तर अशी होईल:

शीर्षक: 'ॲ' वेगळ्या यूनिकोड क्रमाने लिहिला तर शोधाचा निकाल शून्य येतो.

पायऱ्या: नवीन साइट, वर्डप्रेसची मूळ थीम, फक्त वूकॉमर्स आणि हे प्लगइन चालू. ०९७२ हा कोड वापरून 'ॲक्रिलिक ब्लँकेट' नावाचा नग तयार करा. शोधात पुढचा शब्द चिकटवा, यात ०९०५ आणि ०९४५ असे दोन कोड आहेत: 'अॅक्रिलिक'.

काय व्हायला हवं: नग दिसावा. काय होतं: 'काही सापडलं नाही'.

आवृत्त्या: वर्डप्रेस, पीएचपी, प्लगइन, ब्राउझर. कुठल्या आवृत्तीपर्यंत ठीक होतं, ते माहीत असेल तर तेही.

एवढं पुरतं. शब्द मजकूर म्हणून दिलाय, कोडचे आकडे दिलेत, त्यामुळे ज्याला देवनागरी वाचताही येत नाही तो माणूस बग घडवून पाहू शकतो. एका तिकिटात एकच बग लिहा. 'शिवाय शोधाची चौकट मोबाइलवर लहान दिसते' हे वाक्य जोडलं की चर्चा चौकटीवर घसरते, हे ठरलेलं. 'अर्जंट' हा शब्दही टाळा. या प्लगइनच्या परवान्यातच लिहिलेलं असतं की वॉरंटी कसलीही नाही, आणि लेखक बहुधा नोकरी सांभाळून रात्री हे काम करतो.

लॉग (चुकांची नोंद) लागला तर डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये डीबग आणि डीबग-लॉग चालू करा, डिस्प्ले बंद ठेवा. लॉगची फाइल 'डब्ल्यूपी-कंटेंट'मध्ये तयार होते. काम झालं की बंद करून फाइल काढून टाका, कारण बऱ्याच सर्व्हरवर ती पत्ता माहीत असणाऱ्या कुणालाही उघडता येते. तिकिटात चिकटवण्याआधी गिऱ्हाइकांचे ईमेल आणि सर्व्हरवरचे पूर्ण मार्ग खोडा.

बग की मागणी

होलसेलवाल्या मालकांची ठरलेली तक्रार: "सव्वा लाखाचं बिल आहे आणि साइट १२५,००० दाखवतेय. हा बग काढा." हा बग नाही. वूकॉमर्स किंमत छापायला पीएचपीचं नंबर-फॉरमॅट वापरतं आणि ते तीन-तीन आकड्यांचेच गट पाडतं. लाख-कोटीची पद्धत त्याला ठाऊक नाही. सांगितलंय तेच ते करतंय, म्हणून ही मागणी झाली. हा भेद करण्यात वेळ घालवावा, कारण बग म्हणून लिहिलेली मागणी 'अपेक्षित वागणूक' म्हणून बंद होते, आणि मागणी म्हणून लिहिलेला बग दोन वर्षं 'विचाराधीन' पडून राहतो.

मागणी लिहिताना बटण कुठे हवं ते सांगू नका, अडचण सांगा. 'सेटिंगमध्ये भारतीय पद्धतीचा चेकबॉक्स द्या' यापेक्षा 'भारतातल्या होलसेल खरेदीदाराला लाखाच्या पुढचा आकडा एका नजरेत वाचता येत नाही, १,२५,००० अशी मांडणी लागते' हे लिहा. तोडगा लेखकाला आपल्यापेक्षा चांगला सुचू शकतो. मागणी आधीच कुणी केली असेल तर तिच्यावर अंगठा उमटवा, 'मलाही हवं' अशी प्रतिक्रिया लिहू नका. २०१६ च्या जानेवारीत शेकडो ओपन सोर्स लेखकांनी गिटहबला उघडं पत्र लिहिलं होतं. 'प्लस वन'च्या पावसात कामाचं बोलणं बुडून जातं, ही त्यातली एक मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत इश्यूचे साचे आणि मार्चमध्ये अंगठ्यासारख्या प्रतिक्रिया आल्या. अंगठ्यांच्या संख्येवर यादी लावता येते, म्हणून आपला अंगठा वाया जात नाही.

तोवर काम अडू द्यायचं नाही. 'फॉरमॅटेड-वूकॉमर्स-प्राइस' नावाचा फिल्टर आहे, त्यात पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला 'नंबर-फॉरमॅटर' लावून आकडा लाखाच्या पद्धतीने मांडता येतो. लोकेल (भाषा आणि देशाची खूण) भारतीय इंग्रजीचं द्या. मराठीचं दिलं तर आकडेच देवनागरीत येतात. काही मालकांना ते आवडतं, पण त्यांच्या हैदराबादच्या व्यापाऱ्याला वाचताना अडतं. होस्टिंगवर इंटल चालू आहे का ते आधी पाहा, नाहीतर साइट पांढरी पडते.

इथेही 'परत येण्याचा' प्रकार दबा धरून असतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीपासून वूकॉमर्सच्या नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउट ब्लॉकचे (वर्डप्रेसच्या नव्या संपादकातल्या तयार तुकड्यांचे) येतात. ब्लॉकमध्ये आकडे ब्राउझरमध्ये सजतात, पीएचपीचा हा फिल्टर तिथे पोहोचत नाही. त्यामुळे नगाच्या पानावर १,२५,००० आणि चेकआउटवर १२५,००० असं दृश्य दिसतं. कुणी चेकआउटचं पान जुन्या शॉर्टकोडवरून ब्लॉकवर नेलं की मालक म्हणतात, तोच बग परत आला. तो दुसराच आहे, त्याची नोंद वेगळी.

आपल्याकडची शीट

गिटहबवर तिकीट काढलं म्हणजे माग राहिला असं होत नाही. दहा साइट, प्रत्येकी वीस प्लगइन, सगळ्यांची दारं वेगवेगळी. एक साधी शीट पुरते. फॅन्सी सॉफ्टवेअर घेतलेल्यांची शीट महिन्याभरात ओस पडते, हे पाहिलंय. ॲक्रिलिकची ओळ अशी दिसते:

तक्रार, मालकांच्या शब्दांत: 'पोराच्या मोबाइलवर येतंय, माझ्यावर येईना'. कारण: 'ॲ'चे तीन प्रकार. मूळ नोंद: तिकिटाचा दुवा. तात्पुरता उपाय: एमयू-प्लगइन्समधली 'शोध-अक्षरं' ही फाइल. केव्हा काढायचा: मूळ प्लगइनच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) दुरुस्ती आली की. तपासणी: तिन्ही प्रकारचे शब्द शोधात चिकटवून पाहा, शब्द याच रकान्यात ठेवलेत.

मालकांचे शब्द जसेच्या तसे ठेवायचं कारण, वर्षाने फोन येईल तेव्हा ते हेच वाक्य बोलतील आणि शीटमध्ये शोधल्यावर ओळ सापडेल. 'युनिकोड नॉर्मलायझेशन' असं लिहून ठेवलं तर तुम्हालाही सापडणार नाही. तिकिटाचा दुवा आणि 'केव्हा काढायचा' हे दोन्ही त्या एमयू फाइलच्या डोक्यावरही लिहा. साइट उद्या दुसऱ्याकडे गेली तर त्याच्या हाती शीट नसेल, फाइल असेल.

तपासणीचा रकाना सगळ्यात मोलाचा. प्रत्येक अपडेट आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, चढवायचं आणि हा रकाना वरून खाली चालवायचा. परत येणारा बग इथे पकडला जातो, मालकांच्या फोनवर नाही. यात्रेच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या पंधरवड्यात सुरक्षेचं अपडेट सोडून काहीही चढवायचं नाही. ज्या प्लगइनवर आपली एमयू फाइल बसलेली आहे त्यांचं आपोआप अपडेट बंद ठेवा, बाकीच्यांचं चालू राहू दे. सगळ्यांचंच बंद ठेवणारे शेवटी जुन्या भगदाडांतून हॅक होतात.

'बंद झालं' म्हणजे मिटलं असं नाही

तिकीट बंद झाल्याचा मेल आला की मालकांना लगेच कळवू नका. गिटहबवर दुरुस्तीच्या कोडसोबत ठरावीक शब्द आणि तिकिटाचा नंबर लिहिला असेल तर तो मुख्य शाखेत मिसळताक्षणी तिकीट आपोआप बंद होतं. नवी आवृत्ती मात्र आठवड्यांनी येते. कमिटचं, म्हणजे त्या कोडबदलाच्या नोंदीचं, पान उघडा, ती दुरुस्ती कुठल्या टॅगमध्ये (आवृत्तीच्या खुणेत) आहे ते तिथे दिसतं. टॅग नसेल तर ती अजून कुणाच्याच साइटवर नाही.

दुसरा प्रकार यंत्राने बंद केलेल्या तिकिटांचा. बऱ्याच रिपॉझिटरींवर हालचाल नसलेली तिकिटं बंद करणारी व्यवस्था असते. तिची नेहमीची मुदत साठ दिवसांनी इशारा आणि पुढच्या सात दिवसांत बंद अशी असते. इशारा आला की नव्या आवृत्तीवर पुन्हा तपासून 'अजून घडतंय, ही आवृत्ती' एवढं लिहा, तिकीट जिवंत राहतं. न तपासता नुसतं 'अजून आहे' लिहिणारेही असतात. लेखकांना ते ओळखू येतं.

'वोन्ट फिक्स'चं, म्हणजे 'दुरुस्त करणार नाही'चं, लेबल लागलं तर वाद घालू नका. शीटमध्ये 'केव्हा काढायचा' या रकान्यात 'कधीच नाही' लिहा, तुमची एमयू फाइल आता कायमची झाली.

दुरुस्ती होऊनही तोच बग खरोखर मूळ प्लगइनमध्येच परत आला, तर त्याचं कारण बहुधा एकच: त्या बगसाठी स्वयंचलित चाचणी लिहिलेली नाही. कोड लिहिता येत असेल तर दुरुस्तीपेक्षा आधी अपयशी ठरणारी चाचणी पाठवा. लेखक ती आनंदाने घेतात, आणि पुढच्या वेळी कुणी ते बिघडवलं तर त्यालाच लाल खूण दिसते. सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्रोजेक्टसाठी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम लिहिण्यापेक्षा अशा दोन चाचण्या पाठवल्या तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी खरं राहील. 'गुड फर्स्ट इश्यू' लेबलची तिकिटं त्यासाठीच ठेवलेली असतात.

लेखकच गायब असेल तर

डिरेक्टरीत प्लगइनच्या पानावर 'वर्डप्रेसच्या गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नाही' अशी पट्टी दिसत असेल, सपोर्टमध्ये कुणी उत्तर देत नसेल, तर तक्रारी लिहिणं थांबवा आणि बदलीची तयारी करा. पान बंद केल्याची सूचना असेल तर त्याच दिवशी करा, कारण बऱ्याचदा त्यामागे सुरक्षेचं कारण असतं. काही लेखक 'ॲडॉप्ट-मी' असा टॅग लावून प्लगइन दुसऱ्याला द्यायची तयारी दाखवतात. परवाना मोकळा असल्याने फोर्क करून (आपली वेगळी प्रत काढून) स्वतः सांभाळायलाही कुणाची हरकत नसते, फक्त सांभाळायचं म्हणजे पुढच्या प्रत्येक पीएचपी आवृत्तीला तुम्हीच जबाबदार. एका दुकानासाठी ते परवडत नाही. पाच-सहा मालकांना तेच प्लगइन लागत असेल तर सगळ्यांत वाटून परवडतं.

काढताना आधी फक्त डीॲक्टिव्हेट करा आणि आठवडाभर तसंच ठेवा. डिलीट दाबलं की काही प्लगइन आपली टेबलं आणि सेटिंगही डेटाबेसमधून पुसून टाकतात. म्हणून डिलीटच्या आधी डेटाबेसची प्रत उतरवा आणि त्या प्लगइनच्या ओळी शीटमधून खोडण्याऐवजी वेगळ्या पानावर हलवा. नव्या प्लगइनची तपासणी त्याच शब्दांनी करायची आहे.